लोखंडाच्या जन्माचे शब्द

११ मार्च

ओहवोआजोबांचा शेवटचा दात पडला! सुक्या माशात रुतून आला. सून पलागा हसली, "मामंजी, आता पेजच प्या." आजोबा हसले नाहीत. दात गेले की गाण्यातली ताकद जाते, इकडे सगळे तेच मानतात. आणि लोखंड कसं जन्मलं ते गाऊन, लोखंडानं केलेल्या जखमेचं रक्त थांबवणारा या तळ्याकाठी हा एकच माणूस.

मी आज निघणार होतो. विकायला आणलेल्या सुया-रिबिनी खपल्यात. पण आजोबा बदकाच्या अंड्यातून आभाळ कसं झालं ते सांगायला लागले. राहिलो.

१३ मार्च

हुओतारीच्या नडगीवर कुऱ्हाड बसली. आजोबांचा एकुलता मुलगा. पलागा दोन्ही हातांनी जखम दाबून बसलेली. आजोबा गायले — रक्त थांबेना. मग त्यांनी माझा जबडा धरून तोंड उघडलं, घोडा घेताना बघतात तसं.

"दात सगळे आहेत. शब्द घे."

"आणि तुमच्याकडे?"

"दिले की माझे राहत नाहीत. बस खाली!"

लोखंड लहानपणी आगीला भिऊन दलदलीत लपलं, वर लांडगे नाचले. भट्टीत त्यानं शपथ घेतली, माणसाला चावणार नाही म्हणून. माझं मन मध्येच त्या बदकाकडे गेलं. आजोबांनी कान पिरगाळला. "अरे, तिकडे माझा पोरगा रिता होतोय!"

गायलो. लोखंडाला शपथेची आठवण करून दिली, त्याची लाज काढली. रक्त थांबलं. थांबलं!! पलागा तिथेच भिंतीला टेकून रडली.

१६ मार्च

पाय काळा पडलाय. वास येतो. अंग तापलंय.

"तापाचा जन्म गाऊ या ना," म्हटलं.

"तो मला मिळालाच नाही. ज्याच्याकडे होता, तो कुणाला न देता मेला."

१७ मार्च

हुओतारी गेला.

१८ मार्च

जमीन गोठून दगडासारखी. खणण्याआधी वर जाळ करावा लागला. पलागा म्हणाली, "तुझं गाणं खोटं नव्हतं रे. पण मी काय करू त्याचं?"

बोचकं बांधलंय. उद्या निघतो.

१९ मार्च

मुलाच्या थडग्यासाठी लाकूड तासताना आजोबांनी अंगठा कापून घेतला. मी गायलो. रक्त थांबलं. ते लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"छान आहे," म्हणाले. "कुणी शिकवलं रे तुला?"