जात्यावरची दुसरी बाई

१२ जानेवारी १९२५, सोमवार

पेटी आली! लाकडाच्या आगारातला गोरा साहेब विलायतेला चालला. जाताना तबकड्यांसकट गाणारी पेटी ह्यांना देऊन गेला — अकरा वर्षं इमानानं कारकुनी केली म्हणून. बाजारकुणंगात असली पेटी दुसऱ्या कुणाकडं न्हाई. अर्धा गाव आमच्या ओट्यावर. सासूबाई, आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "देवाच्या खोलीत नगं. कुठल्या जातीचं यंत्र हाय कुणास ठाऊक."

१४ जानेवारी

तिळगूळ वाटून झाल्यावर सगळ्या तबकड्या लावल्या. एक निराळीच. त्यात एक बाई गाते. साहेबानं ह्यांना सांगितलेलं — ही अमेरिकेतली काळी बाई, हिच्या आज्या कापसाच्या रानात गुलाम म्हणून राबल्या. शब्द एक कळत न्हाई. पण एक ओळ म्हणते, तीच परत म्हणते, मग तिसरीनं गाठ मारते. आमची ओवीच की! दळायला येणारी फुला उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "वैनी, ही बाय दळताना गाते काय?"

आणि आवाज! जाड, खालचा, छातीतनं आलेला. माझ्यासारखा.

लग्न होऊन आले तवा एका हळदीला मी तोंड उघडलं होतं. आत्याबाई चारचौघीत म्हणाल्या, "सून गाती का रेडा वरडतोय?" बाया पोट धरून हसल्या. नऊ वर्षं झाली त्याला. तवापासनं जात्यावर फुला गाते, मी तोंड मिटून खुंटा ओढते. आज त्या बाईला ऐकून लई रडले. रडून बरं वाटलं.

२ फेब्रुवारी

हे बेळगावहून बातमी घेऊन आले. तबकड्या काढणारी एक कंपनी तिथं महिनाभर उतरलीय, त्यांना खेड्यातल्या बायांच्या ओव्या पाहिजेत. ह्यांनी फुलाचं नाव देऊन टाकलं. तिचा नवरा लखू म्हणाला, "जाऊ दे की. पर बायमाणूस सोबत पायजे." म्हणजे मी.

आत्याबाईंनी बजावलं — "सोबत म्हंजे सोबत. कलावंतिणीगत तुजा आवाज त्या भोंग्यात गेला, तर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाई."

हे पेटीला चावी देऊ लागले. मी सुपातली नाचणी पाखडायला घेतली.

११ फेब्रुवारी, बुधवार

फुलाचा हट्ट — जात्याबिगर ओवी येत न्हाई. "हात फिरल्याबिगर तोंड कसं फिरंल?" तर जातं बी निघालं, वर नाचणीची पिशवी. उळवीच्या जत्रेहून परतणारी गाडी लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत मिळाली. गाडीवान म्हणाला, "लोक जत्रेला नारळ नेतात, तुमी दगूड!" ह्यांची मान खाली.

१४ फेब्रुवारी, बेळगाव

होऊ नये ते झालं. लिहून ठेवते.

खोलीला चारी बाजूंनी घोंगड्या टांगलेल्या, मधे भोंगा. कंपनीचा माणूस म्हणाला, दाण्यांची घरघर फार होते, जातं रिकामंच फिरवा. फुलानं खुंटाच सोडला. रिकामं जातं फिरवायचं म्हणजे घरात उपास बोलवायचा! "मग मी जाते दादा," म्हणाली आणि खरंच उठली. शेवटी तोच हरला. एक घोंगडी जात्याखाली घातली आणि नाचणी चालू दिली.

फुला गायली, काय सांगू! दोन ओव्या झाल्या. तिसरी आमच्या काळी नदीची —

काळीच्या काठाला, दाट वेळवाचं बेट

— एवढं म्हटलं आणि पीठ तिच्या घशात गेलं. खोकला आवरेना. ओवी अर्धी टाकत न्हाईत आमच्यात. एकीचा दम तुटला की समोरचीनं उचलायची, हे कुणी शिकवावं लागत न्हाई. मला कळायच्या आधी माझं तोंड उघडलं —

दादाच्या बैलांची, तिथं झाली माझी भेट

मग मिटलंच न्हाई. शेवटपर्यंत दोघी. त्या माणसानं मेणाची तबकडी उचलली, म्हणाला, "हीच ठेवणार." मी म्हटलं, माझं नाव नका घालू. "बरं, फुलाबाईचंच घालतो."

लई भ्याले. आणि लई आनंद बी झाला. दोन्ही खरं.

१५ फेब्रुवारी

ह्यांना काल बाहेरच बसवलेलं, रेलगाडीत सांगितलं. हसले. "तबकडी यायला सहा महिने तरी लागतील. तोवर सुखानं जेव."

९ एप्रिल

फुलाला दिवस गेलेत, तिसरा लागला. आत्याबाईंनी तिचं कांडण बंद केलं आणि तिला आंबोशी दिली. बेळगावात काही झालंच न्हाई अशी मी वावरते.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

चवथीची गडबड, त्यात पोस्टानं तबकडी आली. ह्यांनी लगेच लावली. फुला लाजून दाराआड. आत्याबाई नारळ किसत होत्या. तिसरी ओवी आली, खोकला आला, आणि मग मी. आत्याबाईंचा हात थांबला.

"ही दुसरी कोण?"

"मी."

फुलाच दाराआडनं म्हणाली, "आत्याबाय, अर्धी ओवी तुमी टाकली असती काय?" आत्याबाई उठून आत गेल्या. मी लुगडी घडी घालून ठेवली, सांगितलं तर निघायचं म्हणून.

२५ ऑगस्ट

अजून घरातच हाय. माझ्याशी एक शब्द न्हाई. पण दुपारी ह्यांना म्हणाल्या, "ती परत लाव." चुलीपुढनं ऐकलं मी.

४ सप्टेंबर

कंपनीचं पत्र. दुसऱ्या बाईच्या सहा ओव्या पाहिजेत, तिच्याच नावानं! ह्यांनी मोठ्यानं वाचलं, मी परात हातात धरून तशीच उभी. जावं वाटतंय. लई वाटतंय. पण फुलाला आठवा महिना, आणि जात्याला दोघी लागतात. गावातली दुसरी कोण घरच्यांचा रोष पत्करून माझ्यासमोर बसणार? मीच म्हटलं, "जमत न्हाई म्हणून लिहा." ह्यांनी रातीच पत्र लिहून ठेवलं.

५ सप्टेंबर

आत्याबाई सकाळी पाथरवटाला बोलवून जात्याला टाकी लावून घेत होत्या. मला बघून म्हणाल्या, "रुक्मे, माझ्या लेकाला ते न्हाई म्हणायचं पत्र फाडायला सांग. समोर मी बसते."