बुजवलेलं दार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने कपाट उतरवताना बाथरूमची चौकट खरवडली आणि वर मलाच समजावलं, की एवढ्याने घराला दृष्ट लागायची नाही. खारू अंगणात खुर्ची टाकून हुकूम सोडत होती. आधी माझी खोकी, मग आईची भांडी. अकरा वर्षांची पोर, पण लोकरीची टोपी कानापर्यंत ओढून बसली की थेट मुकादम दिसते. खारू हे तिचं घरातलं नाव. लहानपणी घास गालात साठवून तासभर फिरायची म्हणून.

घर हिच्या मामांचं. ही म्हणजे माझी बायको. दोन वर्षं बंद होतं. हॉस्पिटल इथून चालत बारा मिनिटांवर, म्हणून मामांनी किल्ली दिली. तोडा, फोडा, हवं तसं करून घ्या, पण पोरीला बरी करून न्या, म्हणाले. 

ही वही वॉर्डातल्या नर्सने दिली. ताप, औषधं आणि खाणं रोज लिहायचं. पुढून ही लिहिते. मागची पानं मी घेतली.

घर आवडलं. भिंती जाड, खिडक्या मोठ्या. झोपायच्या खोल्या मात्र वर, आणि खारूचा उजवा गुडघा जिना चढू शकत नाही. तेव्हा खालची सामानाची खोली तिची करायची. टेप लावून पाहिलं, अकरा बाय नऊ. बाथरूमपर्यंत कठडा, पायरीच्या जागी उतार आणि स्वयंपाकघरात उघडणारं मधलं दार विटांनी बुजवायचं. केमोनंतर तिला फोडणीच्या वासानेही उलटी होते.

ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. हे माझ्या लेकीचं. हात शिवशिवताहेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गवंडी मिळाला. साठीचा, बोलका. मी थापी कशी धरतो ते बघून त्याने विचारलं, की साहेब भाकरी थापताय का. नंतर म्हणाला, भिंतीला ओळंबा आणि माणसाला बायको, दोन्ही सरळ ठेवतात, फक्त अधूनमधून बघावं लागतं. खारू खदखदून हसली. किती दिवसांनी.

दाराची चौकट काढली आणि दुपारपर्यंत अर्ध्या उंचीपर्यंत विटा चढल्या. खारूने प्रत्येक थर मोजला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. घरात काम चालू आहे हे त्यांना हिने सांगितलं असावं. त्या शांतपणे म्हणाल्या, की या मुलांच्या रक्तात लढणाऱ्या पेशी उरलेल्या नसतात. जुन्या भिंतीतली धूळ, बुरशी आपल्याला शिंक आणते, यांना मारू शकते. काम थांबवा, किंवा तिला घरात ठेवू नका.

मी मान हलवली. सोमवारपासून केमोची दुसरी फेरी, आठवडाभर ती वॉर्डातच असणार. तेवढ्यात आटपेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खारू वॉर्डात. तिच्याजवळ ही असते. मी सकाळी डबा पोचवतो, अर्धा तास बसतो आणि निघतो. अर्धा तास म्हणजे खरं तर वीस मिनिटं. सलाईनच्या नळीकडे बघितलं की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. आज तिने विचारलं, की जरा वेळ पत्ते खेळतोस का. मी म्हणालो, बाळा, गिलावा ओला आहे, पाणी मारायला हवं. तुझीच खोली ना.

ती म्हणाली, बरं. लगेच. हट्ट केला असता तर बरं झालं असतं.

बुजवलेल्या दारावर गिलावा झाला. नवीन कुठला आणि जुना कुठला, हात फिरवूनही कळत नाही. खूप वेळ बघत उभा राहिलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज दुपारचं जसं घडलं तसं लिहितो.

गवंडी जेवायला गेला होता. मी गुडघ्यांवर बसून कठड्याचा पाया भरत होतो. मागून खारू म्हणाली, बाबा, पाय दुखतोय.

मी मान न वळवता म्हणालो, आलो, एवढं घमेलं रिकामं करतो.

मग हात थांबले. खारू वॉर्डात होती.

फोन लावला. हिने उचलला. ती झोपली आहे, तासभर झाला, म्हणाली. तुला काय झालं, श्वास का लागलाय? मी म्हणालो, विटा उचलत होतो.

कामाच्या नादात होतं असं. दोन रात्री नीट झोप नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

झोपेचा संबंध नाही. दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात, पुन्हा. बुजवलेल्या दारातूनच. ओरडणं नाही, रडणं नाही. आपल्या माणसाच्या कामात व्यत्यय नको म्हणून पोर हळू बोलते, तसं. बाबा, पाय दुखतोय.

आता लिहूनच टाकतो. हिला कधी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या घरी मी बाल्कनीची खोली करत होतो. लाद्या बसवत होतो. खारू येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, पाय दुखतोय. वाढीचं वय आहे, दुखणारच, असं मी म्हणालो. पंधरा दिवसांनी पुन्हा आली. मी म्हणालो, खेळताना मुरगळला असेल. तिसऱ्यांदा मी मलम दिलं. चौथ्यांदा मी वर बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी सिमेंट सुकत होतं.

चार वेळा. शाळेच्या मैदानावर ती कोसळली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. इतके दिवस कुणालाच कसं कळलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. मी हिच्याकडे बघितलं, हिने खाली. मी म्हणालो, बोललीच नाही कधी.

खारू समोर बसली होती. तिने ऐकलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

गवंडी काम सोडून गेला. थापी धुतली, पिशवी भरली. काय झालं विचारलं. म्हणाला, साहेब, मला दोन मुली आहेत, त्यांचं लहानपण मी बांधकामांवर घालवलं. तुमच्या भिंतीत जे आहे ते ऐकायला मला बळ नाही. मी विचारलं, काय ऐकलंत? तो म्हणाला, तुम्ही ऐकलंय तेच. तुमच्या तोंडावर दिसतंय.

जाताना त्याने हात जोडले. मला नाही, भिंतीला.

म्हणजे मी वेडा झालेलो नाही. हे चांगलं की वाईट, कळत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

खारू घरी आली. सगळं तीनदा पुसून काढलंय. खोली बघून तिने हात पसरले, गोल फिरता येईना म्हणून फक्त मान फिरवली. बाबा, हे सगळं तू केलंस? मी पोटाशी धरलं. हाडं लागली.

दिवसभर आवाज नाही. स्वयंपाकघरात ही रेडिओ लावते, मिक्सर चालू नसेल तेव्हा नळ तरी सोडलेला. एवढा गोंगाट हिला कधी आवडायचा नाही. तरी बरं वाटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

जेवताना खारूने विचारलं, की आईकडे कोण मुलगी येते?

ही म्हणाली, कुणी नाही. फार पटकन म्हणाली.

खारू म्हणाली, ती भिंतीजवळ असते. तिचाही पाय दुखतो. बाबाला हाक मारते आणि बाबा तिथेच असतो तरी जात नाही.

मी उचललेला घास ताटात ठेवला. खारू माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. राग असता तर मी सहन केला असता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना शब्द दिलाय, आता एक खिळाही ठोकणार नाही. शब्द दिलाय.

दुपारी खारू झोपल्यावर भिंतीला कान लावून बसलो. गार गिलावा. मी म्हणालो, बोल बाळा, मी आलोय, ऐकतोय. ती म्हणाली, इकडे बघ ना.

बघायला तर मधे भिंत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उद्या रक्त तपासायला दोघी दहाला जातील. बाराच्या आत येत नाहीत कधी. ओली चादर लावून, पाणी मारत फोडलं तर धूळ होणार नाही. तासाभरात आवरेल.

हे चूक आहे. माहीत आहे. पण पाचव्यांदा मी—

शनिवार, २२ फेब्रुवारी. हॉस्पिटल.

अक्षर लागलं नाही तरी लिहितो.

छिन्नी लावली. पहिली वीट निघाली. आत काही नाही. स्वयंपाकघराच्या बाजूचा गिलावा आणि माझ्याच विटा. आवाज खालून आला. खालच्या काढल्या. मग डावीकडून. प्रत्येक वेळी जरा पुढे. प्रत्येक वेळी तितकाच हळू. बाबा. बाबा. खोलीत विटांचा ढीग झाला. वेळ बघितली नाही. मी ओरडत होतो, आलो, आलो.

मागे दार उघडलं. रक्त तपासायचं मशीन बंद होतं म्हणून दोघी लवकर परतल्या होत्या.

बाबा, पाय दुखतोय.

मी म्हणालो, हो गं, आलोच. आणि हातोडा मारला. भिंतीवर.

दारात माझी खारू उभी होती. चालून चालून पाय दुखला होता तिचा. मी वळत नाही म्हणून ती माझ्याकडे यायला निघाली. विटांवरून.

हाड गाठीपाशीच मोडलं. तो आवाज—

नाही लिहीत.

शनिवार, दुपारी

मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलंय. धुळीमुळे ताप येतो का, त्यावर नजर ठेवणार. आत्ता शंभर. डॉक्टरीणबाई सगळं हिलाच समजावून गेल्या.

बाहेरच्या बाकावर हिला सगळं सांगितलं. चार वेळा, लाद्या, मलम, भिंत. वाटलं, ही माझं तोंड बघणार नाही.

हिने माझ्या बाहीवरची विटांची धूळ झटकली. मग म्हणाली, मलाही सांगितलं होतं तिने. दोनदा. मी म्हटलं, शाळा बुडवायची नाटकं करू नकोस.

मी विचारलं, मग स्वयंपाकघरात—

खारूला घरी आणलं त्या दिवसापासून, ही म्हणाली. तुला बाबा म्हणते. माझ्या बाजूने ती आई म्हणते. रेडिओ कशाला लावते वाटलं तुला?

आम्ही एकमेकांचा हात धरला. लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढं खरं कधी बोललो नव्हतो.

मग आत गेलो, दोघं मिळून. खारूची माफी मागितली. ऐकायला हवं होतं, आम्ही ऐकलं नाही, असं सरळ सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं तुम्हाला माहीत आहे ते. मग म्हणाली, आता कुठे जाऊ नका. नाही जात, म्हणालो.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

ताप उतरला. नव्याण्णव. दोघंही हललो नाही. पत्ते खेळलो, तिने मला चार डाव हरवलं. खोटं खेळून हरू नकोस, म्हणाली. खरंच हरत होतो.

त्या घरी परत जायचं नाही. ठरलं. मामांना कळवलं.

रविवार, दुपारी तीन

खारू झोपली आहे. पडदे उघडे, खोलीभर ऊन.

आत्ता ऐकलं. ही पण ताठ झाली. दोघांनी एकदमच भिंतींकडे बघितलं. चारी भिंती.

भिंतीतून नाही.

साडेतीन

खारूचे ओठ मिटलेले आहेत. मी अगदी जवळून बघितले. श्वास संथ.

आवाज प्लास्टरच्या आतून येतोय. गुडघ्यापाशी. कान टेकवला. बाबा. मग आई. मग दोन्ही.

ही म्हणते, डॉक्टरांना बोलावू. काय सांगायचं त्यांना? ही म्हणते, निदान फोडू नकोस. हात नको लावूस. मी लावत नाहीये. मी फक्त ऐकतोय. ऐकायचंच ना या वेळी—

आता म्हणतेय, अंधार आहे. म्हणतेय, वर बघ.

पावणेचार

खारू जागी झाली. हिने विचारलं, पाय दुखतोय का बाळा. तिने नाही म्हटलं. जरासुद्धा नाही, आई. पायाकडे बघतेय. तिलाही ऐकू येतंय. ती माझा हात घट्ट धरून विचारतेय, बाबा, माझा तर दुखत नाही, मग आत कोण—