दोन अंशांची उडी

तीर्थरूप बाबा,
दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर.

पहिल्या वर्षाच्या मुलांना हवामानबदल शिकवताना तुम्ही रोज अंगणातलं तापमान लिहिता त्या वहीच्या झेरॉक्सवरून फळ्यावर आलेख काढला. वर्षानुवर्षं हळूहळू चढ, मग एकदम दोन अंशांची उडी. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तेव्हा थर्मामीटर हलवला होता का?"

जग तापतंय यात शंका नाही, पण ही उडी कसली?

त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. तिच्याजवळून उठायला नको म्हणून तुम्ही थर्मामीटर अंगणातून तिच्या खिडकीत टांगलात का? वहीत तसं काहीच नाही. मुलांना काय सांगू, कळेना.

आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी आकडे खाली उतरलेले नाहीत. बाबा, तो अजून तिच्या खिडकीतच आहे का?

तुमची गोंधळलेली,
धाकटी