सकाळची सुई

अव्वा,

तुझा ताप उतरलाय, कपाळ गार लागलं, म्हणून उठवलं नाही. आज सकाळची इन्सुलिनची सुई माझी मीच घेतली. घाबरू नकोस. सिरिंज नीट उकळली, औषध उजेडात धरून दोनदा बघून भरलं. पहिल्यांदा सुई तशीच खाली ठेवली. मग तू टोचताना म्हणतेस तसं स्वतःलाच म्हटलं, "महानंदा, श्वास सोड." झालं की! लगेच भाकरी खाल्ली. चक्कर नाही, काही नाही.

"विलायतेत लीड्सला शिकायला गेलीस तर सुई कोण देणार?" असं तू विचारलंस की मी नुसती चिडायची. खरं तर मलाही तीच भीती होती.

आता डॉक्टरांकडे चाललेय. तिकडच्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी घेते, परदेशी जायला लागते ती देवीची लसही टोचून घेते. मऊ भात स्टोव्हजवळ झाकून ठेवलाय, खाऊन घे. अप्पांना सुईचं तूच सांग, माझ्या तोंडून त्यांना खरं वाटायचं नाही.

संध्याकाळची सुई मात्र तू दे. मला येतं आता, पण जाईपर्यंत तुझ्याच हातची हवी.

महानंदा