साडेदहाचा निरोप

५ जाने., बदनापूर
पुण्याहून जनरलसाहेबांचं पार्सल. आफ्रिकेत आम्ही होतो त्या शांतिसेनेच्या कमांडर पदाचा इतिहास लिहून राह्यलेत. त्या पदावर साहेब पाचवे. मी तेव्हा त्यांच्या ऑफिसात सुभेदार, क्लार्क. सोबत चिठ्ठी: 'आपल्या वेळचं प्रकरण वाच. चूक असली तर कळव.'

६ जाने.
वाचलं. पदाचं बराबर लिहिलंय. सहा देशांच्या फौजा हाताखाली, पण हलायचं म्हटलं की जो तो आधी आपल्या सरकारला विचारणार. हुकूम साहेबांचा, होकार दुसऱ्याचा.
पुढं नदीकाठचं ते गाव. हल्ल्याचा निरोप दुपारी दोनला आला, असं लिहिलंय.
साडेदहाला आल्ता. सकाळी, वायरलेसवरून. कागद मीच टेबलावर ठेवला. जवळची तुकडी दुसऱ्या देशाची. तिला परवानगी मिळेस्तोवर तीन वाजले. साहेबांसोबत मी पोचलो तेव्हा...


९ जाने.
हिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. विहिरीपाशी पडलेल्या बायांचंही. ही म्हणाली, "साहेबांनी तुमचं काही वाईट केल्तं का?"
"न्हाई. आई गेली तवा त्यांनीच विमानाची सोय करून घरी धाडलं."
"अन् त्या बायांनी?"

१२ जाने.
फोन केला. म्हणालो, साहेब, निरोप साडेदहाला आल्ता.

"पक्का याद है, सुभेदार?" साहेब फौजेतल्यासारखं हिंदीत.
"जी साहब."
"मैंने उस टुकड़ी को चार बार फोन किया था. वो भी याद है?"
आठवत होतं. तेही सांगितलं. मंग फोन बंद.
मी चुकलो का?

२० जाने.
साहेबांच्या लेकीचा फोन. साहेब आठ दिवसांपासून दवाखान्यात, म्हंजे माझा फोन झाला त्याच दिवसापासून. अर्धांगाचा झटका. वाचा गेलीय. पुस्तक छापायला द्यायचं थांबलंय. म्हणाली, "काका, एक पान बाबांनी बाजूला काढून ठेवलंय. त्यातलं 'दुपारी दोन' खोडलंय. पुढं कोरंच. काय लिहायचं होतं त्यांना?"
'साडेदहा' तोंडापर्यंत आलं. पण तिचा आवाज... फोनवर कसं सांगणार?
"येतो ताई. उद्या निघतो."
ही भाकऱ्या बांधून राह्यली. साहेबांच्या उशाशी बसून त्या पोरीला काय अन् कसं सांगायचं, अजून सुचत न्हाई.