पुसलेल्या बारा ओळी

सोमवार, ३ मार्च २०२५
सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. मामाच्या औषधांच्या दुकानात, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून बाटल्यांवरच्या तारखा तपासत होतो. फोन आला. खाली कसा उतरलो ते आठवत नाही. एका मोठ्या कंपनीला माझा प्रोग्राम विकत हवाय. नववीत शाळा सोडलेल्याचा!
मुदत संपत आलेली औषधं आधी दाखवणारा हा प्रोग्राम तीन वर्षांपूर्वी लिहिला आणि नेटवर उघडा ठेवला — कुणीही वापरा, सुधारा, फुकट. मामा तेव्हा म्हणाला होता, "लष्कराच्या भाकऱ्या भाज." आज म्हणतो, "मला वाटलंच होतं."

मंगळवार, ४ मार्च
विकल्यावर प्रोग्राम बंद होणार. आतलं कुणाला दिसणार नाही. त्यासाठी त्यात ज्यांनी ज्यांनी हात घातला त्यांची संमती हवी. चौघे आहेत. तिघांनी तासाभरात 'हो' कळवलं. चौथा 'घुबड'. खरं नाव-गाव ठाऊक नाही. तीन वर्षं माझ्या चुका दुरुस्त करतोय. तारखांच्या फाईलवर तर भारी जीव. चार वेळा वाचून पत्र पाठवलं.
आई म्हणाली, "घुबडाला दिवसा पत्र पाठवलंस, वाचेल कसं?"

गुरुवार, ६ मार्च
प्रत्येक फाईल कुठून आली ते कंपनीच्या फॉर्मवर लिहायचंय. तारखांची फाईल उघडली आणि आठवलं — ही माझी नाहीच. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी उघड्या प्रोग्राममधून उचललेली. वर बारा ओळी होत्या, बिनकामाच्या वाटल्या म्हणून पुसल्या होत्या. आज मूळ फाईल शोधून वाचल्या: लिहिणाऱ्याचा पत्ता, आणि 'खुशाल घ्या, पण यातून जे बनवाल तेही उघडंच ठेवा.'
मामा: "कुणाला कळणार आहे? झाकली मूठ ठेव."
मला कळलंय ना.

शुक्रवार, ७ मार्च
बारा ओळी जागच्या जागी ठेवल्या. सोमवारी फोन करणाऱ्या कंपनीच्या बाईंना खरं सांगितलं. "मग अवघड आहे," म्हणाल्या आणि फोन ठेवला. फाईलच्या पत्त्यावर माफीचं पत्र पाठवलं. मामा बोलत नाही. मला मात्र भूक लागली, कालपासून पहिल्यांदाच.

सोमवार, १० मार्च
दोन पत्रांना एकच उत्तर!
"घुबड मीच, ती फाईलही माझीच. आधी वाटलं, तुला चांगलं खडसवावं. पण प्रोग्राम उघडा होता, कामाचा होता, म्हणून गप्प राहून दुरुस्त करत बसले. त्या बारा ओळींची तीन वर्षं वाट पाहिली. आमच्या संस्थेच्या सव्वीस दवाखान्यांत तुझा प्रोग्राम बसवायचाय. तो उघडाच ठेव. बसवण्याचे आणि सांभाळण्याचे पैसे घे. दर कळव."
घुबड म्हणजे बाई! आणि दर? कधी लावलाच नाही.
मामा कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी येऊन बसलाय. शुक्रवारनंतर पहिल्यांदा बोलला — "सव्वीस म्हणालास ना?"