सोर्सोगोनची सरपंचीण

झिंज, बहारीन
१२ ऑक्टोबर

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचा लाडका लेक विल्सन लग्न करतोय म्हणतो! मुलगी रोवेना, माझ्याच वॉर्डातली नर्स. फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, कुठली? म्हणून सविस्तर लिहिते.

फिलिपिन्समध्ये लुझोन नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला सोर्सोगोन प्रांत. जवळपास चहूकडे समुद्र, मध्ये बुलुसान ज्वालामुखी. तिथल्या आखातात स्पॅनिश लोक पॅसिफिक ओलांडणारी गलबतं बांधून घेत. प्रांताचा गव्हर्नर लोक निवडून देतात, त्याच्याखाली गावांचे मेयर आणि सगळ्यात खाली बारांगाय, म्हणजे आपली ग्रामपंचायतच. रोवेनाची आई तिच्या बारांगायची कॅप्टन आहे. म्हणजे विहीण नाही, सरपंचीण मिळतेय तुम्हाला!

रोवेनाला आपलं बोंबलाचं कालवण आवडतं. ते मात्र विल्सन करतो, मी नाही. तब्येत सांभाळा, रागावू नका.

तुमची,
बेनिटा

गास, वसई
२७ ऑक्टोबर

चि. बेनिटा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नातवाचा जुना अ‍ॅटलास काढून सोर्सोगोन शोधलं. गलबतांचं वाचून बरं वाटलं. आपल्या वसईतही पोर्तुगीज जहाजं बांधत. पण पोस्टातल्या राजसने मोबाइलवर दाखवलं, दरवर्षी तिथे वादळं येतात. वादळाच्या वाटेवर सोयरीक कशी करायची, बाई? विल्सनने परत येऊन वाडी बघावी, ही माझी आशा तुला ठाऊक आहे.

ग्रामपंचायत महापालिकेत जाऊ नये म्हणून आम्ही मोर्चे काढले, तेव्हा तू शाळेत होतीस. म्हणून विचारतो, ही कॅप्टन बाई खरंच काम करते, की नुसती खुर्चीवर बसते? होकार आत्ताच मागू नका.

देवाची कृपा तुम्हा सर्वांवर राहो.
पप्पा

झिंज
२३ नोव्हेंबर

ती. पप्पा, सा. न.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर वादळानेच दिलं.

सोर्सोगोनला मोठं वादळ धडकलं, फोन बंद पडले. रोवेना रोज ड्युटीवर येत होती, पेशंटशी हसून बोलत होती आणि चेंजिंग रूममध्ये रडत होती. विल्सन हॉटेलचं काम संपवून तिच्यासाठी डबा घेऊन हॉस्पिटलखाली उभा राहायचा. शेवटी तिच्या आईचा फोन लागला.

वादळाआधीच तिने घरोघर फिरून अख्खी वस्ती शाळेत आणि चर्चमध्ये हलवली होती. एक म्हातारा कोळी होडी सोडून हलेना. त्याला ती म्हणाली, ठीक आहे, मग मीही तुझ्याजवळ बसते. आणि खरंच बसली, पप्पा, भर पावसात वाळूवर! थोड्या वेळाने तोच उठला आणि तिला हाताला धरून चर्चमध्ये घेऊन गेला. एकही माणूस दगावला नाही. तिचं स्वतःचं छप्पर मात्र उडालं.

आता पुढचं ऐका. रोवेना राजीनामा देऊन गावी चाललीय. तिथल्या दवाखान्यात नर्स नाही आणि आई थकलीय. विल्सनला तिने सांगितलं, तू मोकळा आहेस. तो म्हणाला, मोकळा आहे म्हणूनच तुझ्याबरोबर येतो. तिथे खानावळ काढणार म्हणे. तुम्हाला सांगायची त्याची हिंमत नाही. आत्ता माझ्या किचनमध्ये धुतलेलीच भांडी पुन्हा धुतोय.

काय ते मोकळेपणाने लिहा.
बेनिटा

गास
४ डिसेंबर

चि. बेनिटा आणि चि. विल्सन यांस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस वाडीत एकटाच बसलो. मुलगा आणखी दूर जाणार, याचं दुःख आहे. ते लपवत नाही.

मग रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर आमच्या मोर्चातल्या जुन्या मंडळींना त्या होडीची हकिगत सांगितली. आम्ही पंचायतीसाठी घसा कोरडा केला, पण असं कुणाशेजारी वाळूत बसायची वेळ आली असती, तर बसलो असतो का, कोण जाणे. अशा बाईच्या घरात माझा मुलगा जात असेल, तर मी अडवणारा कोण?

लग्न तिच्याच चर्चमध्ये होऊ दे. मी येतो. आजवर विमानात बसलो नाही, पासपोर्टही नाही. काल फोटो काढून आलो. फोटोवाला सारखा सांगत होता, काका, हसू नका, हसलेला फोटो चालत नाही. तीनदा काढावा लागला.

सुनेला माझे आशीर्वाद सांगा.
पप्पा